नियमित अन्ननमुना तपासणी व सार्वजनिक आरोग्य : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
सोळा तालुक्यांच्या यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार २७,७२,३४८ आहे. दूध, खवा, तेल, मिठाई यांतील भेसळ ग्राहकाला नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. त्यामुळे सार्वजनिक आरोग्याचे रक्षण बहुतांशी अन्ननमुन्यांच्या तपासणीवर अवलंबून असते. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याने घेतली व ५ ऑगस्ट २०११ पासून तो अमलात आला. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते.

नमुना घेण्याची पद्धती :
अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याची किंमत देऊन तो घेतात आणि सर्वसाधारणपणे त्याचे चार भाग करून मोहोरबंद करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे व दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे जातात. विक्रेत्याने मागणी केल्यास चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठविला जातो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल देणे अपेक्षित असते. त्याविरुद्ध विक्रेत्यास तीस दिवसांत अपील करता येते. राखून ठेवलेल्या भागांचे महत्त्व येथे कळते. मोहोर सदोष असेल तर दोषी सुटू शकतो, तसेच निर्दोष विक्रेत्याचा बचावही दुबळा होतो.

मर्यादा :
अहवाल येईपर्यंत दूध वा खवा लोकांच्या पोटात गेलेला असतो. म्हणजेच एका नमुन्याने त्या दिवशीच्या ग्राहकाचे रक्षण होत नाही. पुढील ग्राहकाचे होते. केवळ दिवाळीच्या तोंडावर होणारी तपासणी म्हणूनच अपुरी ठरते. याकरिता कायदेशीर नमुन्यांबरोबरच सर्वेक्षण नमुनेही घेतले जातात. त्यांवरून थेट खटला भरला जात नसला, तरी दोष कोठे आहे याचा अंदाज येतो. दुसरी मर्यादा तांत्रिक आहे. रासायनिक तपासणीच्या दुधात ते टिकावे म्हणून फॉर्मॅलिन घालतात. असा नमुना जिवाणू तपासणीस निरुपयोगी ठरतो. आठवडी बाजारातील सुट्या मालाचा उत्पादकापर्यंत माग काढणेही कठीण असते.

समारोप :
कायद्याच्या कलम ४० नुसार खरेदीच्या वेळी विक्रेत्यास पूर्वकल्पना देऊन व शुल्क भरून कोणताही ग्राहक विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. नमुना दोषी आढळल्यास शुल्क परत मिळते. महाविद्यालयांची वसतिगृहे व उपाहारगृहे यांनी हा अधिकार नियमितपणे वापरल्यास शासकीय तपासणीस समाजाची जोड मिळेल.