तोडणी मजुरांच्या संघटना काय मागतात?



ऊस नोंदवायला गटात फिरताना दरवर्षी एकच तक्रार कानावर येते. "साहेब, तोडणीचे दर वाढतात, ते आमच्याच बिलातून जातात. संघटनेचं काय जातंय?" तक्रार खोटी नाही, म्हणून आधी आकडे बघू.

जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि तोडणी मजुरांच्या संघटना यांच्यात शरद पवार व पंकजा मुंडे यांच्या लवादापुढे समझोता झाला. तोडणी दरात 34 टक्के वाढ ठरली. टनाला 273 रुपये होते ते साधारण 366 झाले आणि मुकादमाचे कमिशन 19 टक्क्यांवरून 20 वर गेले. दर आणि कमिशन मिळून टनामागे सुमारे 114 रुपये वाढले. एकरी 40 टन उतारा धरला तर साडेचार हजार रुपये होतात. तोडणी-वाहतूक खर्च आपल्या एफआरपीतून वजा होत असल्याने बोजा पडतो हे खरेच.

पण ते 366 रुपये कोणाला मिळतात, तेही बघायला हवे. आपण म्हणतो 'एक कोयता'. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. दोघांनी पहाटेपासून तोडायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. दर मात्र टनाला एकच. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेबही त्याच्याच. बाई अर्धे काम करते आणि कागदावर कुठेच नसते. महिला मजुरांच्या संघटना तिची वेगळी नोंद मागतात, आणि ती मागणी मला तरी सरळ वाटते.

कारखान्यातल्या कायम कामगारांचे बघा. केंद्र सरकारने 1957 साली साखर उद्योगासाठी वेतन मंडळ नेमले. पुढे राज्यात त्रिपक्षीय समितीच्या करारांची पद्धत रुळली. फंड, ग्रॅच्युइटी, भरपगारी रजा हे सगळे युनियनने टप्प्याटप्प्याने मिळवले. त्याच कारखान्याला ऊस पुरवणारा तोडणी मजूर मात्र या चौकटीबाहेर राहिला. याचे कारण मालक कोण, हा जुना वाद. कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी. मुकादम म्हणतो, मी मध्यस्थ. संघटनांचे म्हणणे असे, की ज्याच्या गव्हाणीत ऊस पडतो तोच मालक.

आता ज्या प्रश्नावर आपण बोलायला संकोचतो त्याबद्दल. बीड जिल्ह्यात ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा 2019 मध्ये झाला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 महिलांच्या पाहणीत 13,861 जणींची ती शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे सहातली एक. कारणे अनेक आहेत, पण एक आपल्या फडातच आहे. दिवस बुडाला की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. अंगावर दुखणे काढायचे, शौचालय नाही, पाळीच्या दिवसांत पाणी नाही, रात्री-बेरात्री गाडी भरायची. मग गावचा कोणी डॉक्टर "पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल" म्हणाला, की बाई तयार होते. म्हणूनच संघटनांच्या मागणीपत्रात दराखालोखाल खोपीजवळ पाणी, शौचालय, आरोग्य तपासणी, विमा, पाळणाघर अशा गोष्टी आल्या. कोणी म्हणेल, हे युनियनचे काम नाही. मग कोणाचे?

सरकारनेही काही पावले टाकली आहेत. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या टनामागे कारखान्यांनी 10 रुपये व तेवढीच रक्कम शासनाने द्यायची असे ठरले. 2021 मध्ये मजुरांच्या मुलांसाठी 41 तालुक्यांत मुलामुलींची मिळून 82 वसतिगृहे मंजूर झाली. पोरगं वसतिगृहात राहिलं तर शाळा बुडत नाही. आई-बापाबरोबर फडात आलं तर दिवाळीनंतरचे वर्ष गेलेच म्हणा.

संघटनांचे सगळेच पटते असे नाही. फडात खुशाली मागतात, गाडीला एंट्री मागतात, नाही दिली तर पाळी पुढे ढकलतात. यावर संघटनांचे पुढारी फारसे बोलत नाहीत, बोलायला पाहिजे. उचल घेऊन टोळीच आली नाही, यात कर्ज काढलेले वाहतूकदार उद्ध्वस्त झालेले आपण पाहिले आहेत. माझ्या मते 1969 च्या माथाडी कायद्यासारखी मंडळामार्फत नोंदणी, हजेरी आणि मजुराच्या नावावर थेट रक्कम झाली, तर दोन्हीकडची फसवणूक कमी होईल. मुकादमांना हे रुचणार नाही.

शेतीच्या अंगानेही सांगतो. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते. वरून छाटलेल्या उसाने आपले वजन जाते, उतारा जातो, खोडवाही नीट फुटत नाही. जमिनीलगत तोडणी दमलेल्या, उपाशी टोळीकडून होत नाही. दर वाढवून दिला आहे, तर चांगली तोडणी हक्काने मागा. पण फड पेटवून तोड सोपी करून देऊ नका, आणि वाढ्यावरून हुज्जत घालू नका, त्यावर त्यांची बैलं जगतात.

टोळी येण्याआधी विहिरीवर पिण्याच्या पाण्याचा नळ मोकळा ठेवावा. खोपीच्या जागेलगत आडोशाचे शौचालय उभे करायला ज्यांची तयारी असेल, त्यांनी नाव व गट नंबर आपल्या गट कार्यालयात शेती मदतनिसाकडे नोंदवावा.

— ऊस विकास अधिकारी