डिफरन्शियलचा टेकू : गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंजिनची फिरकी काटकोनात वळवून दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणाऱ्या दातेरी चक्रांच्या पेटीला, म्हणजे डिफरन्शियलला, धातूचा जादा टेकू बसवला की हलक्या स्पोर्ट्स कारची ताकद वाढते, असा समज शौकिनांत चांगलाच रुजला आहे. वस्तुतः टेकू, ज्याला ब्रेस म्हणतात, इंजिनच्या ताकदीत काहीच भर घालत नाही. पेटी तोलून धरणारे रबरी बुश दबताना जी ऊर्जा घेतात, तिचा बराचसा भाग सैल होताना परत करतात, त्यामुळे फरक पडतो तो ॲक्सिलरेटर दाबल्यापासून चाकाने जोर धरेपर्यंतच्या क्षणभराच्या विलंबात, अश्वशक्तीत नव्हे.

या विलंबाचे मूळ १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात आलेल्या माझदा एमएक्स-५ च्या रचनेत नीट पाहता येते. तिच्या इंजिनचा सुमारे १३६ न्यूटन-मीटर टॉर्क पहिल्या गिअरमध्ये ३.१३६ पट आणि पुढे डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियन या दातेरी जोडीत ४.३ पट होऊन १८०० न्यूटन-मीटरच्या वर जातो, आणि चाके पुढे फिरवताना पेटीवर तेवढाच उलटा टॉर्क येऊन तिचे नाक, म्हणजे पिनियनकडचे टोक, वर उचलले जाऊ पाहते. डॅटसन २४०झेडमध्ये या उचलीला आवर घालण्यासाठी नाकावरून चक्क एक पट्टा टाकलेला असे. माझदाने मात्र गिअरबॉक्सच्या शेपटीपासून डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची लांब तुळई घातली, जिच्या लांबीमुळे तोच टॉर्क पेलायला बरेच कमी बळ पुरते. तेव्हा कारखान्याने नाक मोकळेच सोडले, ही समजूत या गाडीपुरती तरी निराधार आहे.

रबर ही काटकसर आहे, हाही असाच एक समज. ताशी १०० किलोमीटर वेगाला या गाडीच्या क्राऊन-पिनियनचे दाते सेकंदाला सुमारे ६५० वेळा एकमेकांत गुंततात. ही कंपने रबरात बरीचशी विरतात, आणि रबराच्या जागी कडक बुश किंवा थेट धातूचा टेकू आला की तीच पत्र्यातून आत पोहोचून अखंड हुंकारासारखी ऐकू येतात. शर्यतीच्या गाडीत हे चालून जाते, रोजच्या गाडीत त्याचा वीट येतो.

टेकूमुळे डिफरन्शियल तुटत नाही, हा समज सर्वांत महाग पडणारा आहे, कारण टेकू बळ नाहीसे करत नाही, फक्त त्याची वाट बदलतो. साडेनऊशे किलोच्या गाडीचा साठ टक्के भार सुटतेवेळी मागे आला असे धरले, तर कोरड्या डांबरावर साधारण १६०० न्यूटन-मीटरला टायर घसरू लागतात, म्हणजे मूळचे इंजिनही पहिल्या गिअरमध्ये ही मर्यादा गाठते आणि टायर फ्यूजसारखा काम करतो. दाते आणि पेटीचे कान, म्हणजे तिला गाडीशी बांधणाऱ्या भुजा, मोडतात ते बहुधा क्लच एकदम सोडल्याने किंवा चाके उड्या मारू लागल्याने बसणाऱ्या धक्क्यांनी, जे रबर थोडेफार तरी बोथट करते. माझदाने १९९४ च्या मॉडेलपासून १.८ लिटरचे इंजिन दिले तेव्हा क्राऊन चक्र ६ इंचांवरून ७ इंचांचे केले, यावरून दातांच्या बळकटीचा उपाय दातांतच शोधावा लागतो हे दिसते. टेकूचा खरा उपयोग पेटीची हालचाल रोखून कानांवरचा वाक कमी करण्यात आहे, तोही टेकू ज्या पत्र्याला बांधला तो पत्रा तेवढा भक्कम असेल तरच.

ॲक्सिलरेटर सोडताच मागून येणारा ‘खट्ट’ असा आवाज म्हणजे टेकू हवा, हे निदानही घाईचे असते. गाडी स्टँडवर पक्की उचलून, इंजिन बंद ठेवून टॉमीने पेटीचा कान हलवला असता बुशच्या रबरात चीर उघडताना दिसली, तर नवा बुश हाच उपाय होय. पेटी स्थिर राहून गिअरबॉक्सकडून तिच्याकडे फिरकी आणणारा प्रोपेलर शाफ्ट मात्र हाताने थोडा मागेपुढे खटखटत फिरला, तर तो दातांमधला किंवा जोडांमधला मोकळेपणा असतो, आणि कितीही जाड टेकू लावला तरी तो तिथल्या तिथेच राहतो.