चमचा बाळाने रिकामा करावा

उष्टावणाच्या दिवशी चांदीची वाटी आणि चमचा घरात येतो. बाळ मामाच्या मांडीवर बसते, ओठांना खीर लागते, फोटो निघतात. मग वाटी-चमचा कपाटात जातो आणि बाळाला भरवण्याचे खरे काम सुरू होते. ते कसे करावे, हे मात्र कोणी सांगत नाही.

गेल्या महिन्यात दहा महिन्यांच्या एका मुलीला घेऊन तिची आई व आजी माझ्या दवाखान्यात आल्या. वजन साडेसहा किलो. या वयाच्या मुलीचे वजन साधारण साडेआठ किलो असायला हवे. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, चमचा दिसला की पोरगी तोंडच मिटून घेते. भूक लागायचं काही टॉनिक द्या."

मी म्हटले, "आजी, आधी मला भरवून दाखवा."

आजींनी पाय पसरले, नातीला त्यावर आडवे घेतले, तिचे दोन्ही हात धरले आणि पातळ पेजेचा चमचा थेट घशाशी ओतला. पोर ठसकली, रडली, अर्धी पेज बाहेर आली. चमचा दिसताच ती तोंड का मिटते, ते मला कळले.

आजींना मी दोष देत नाही. व्यवसायाच्या सुरुवातीला मीही "धरून भरवा, सवय होईल" असेच सांगत असे. त्यातले एक बाळ भरवताना ठसका लागून, पुढे न्यूमोनिया होऊन माझ्याकडे परत आले. ते वाचले. पण मी तो सल्ला पुन्हा कोणाला दिला नाही.

दूध ओढणे आणि चमच्याने खाणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दूध ओढताना जीभ पुढे-मागे होते. चमच्यावरचा घास घेताना वरचा ओठ खाली यावा लागतो आणि जिभेने घास मागे न्यावा लागतो. लहान बाळाची जीभ तोंडात आलेली वस्तू आपोआप बाहेर ढकलते. ही क्रिया चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान कमी होत जाते. म्हणून सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करावे. पहिले काही दिवस घास हनुवटीवर आला तर बाळाला तो नको आहे असे समजू नये. ते शिकत असते.

आता पद्धत पाहू. बाळाला मांडीवर ताठ बसवा, पाठीला आधार द्या, मान मागे जाऊ देऊ नका. चमचा लहान, उथळ आणि गुळगुळीत कडांचा असावा. अन्न इतके घट्ट असावे की चमचा कलता केला तरी ओघळणार नाही. अर्धाच चमचा भरा. समोरून आणा, खालच्या ओठाला टेकवा आणि थांबा. बाळाने तोंड उघडले की चमचा जिभेवर अलगद ठेवा. वरचा ओठ मिटला की सरळ बाहेर काढा. वरच्या हिरडीवर घास निपटू नका, कारण मग ओठाला कामच उरत नाही. बाळाने चमचा चावून धरला तर ओढू नका, पकड सुटेपर्यंत थांबा. बाळाने मान फिरवली की जेवण संपले. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बसू नका. नवी चव आठ-दहा वेळा देऊन पाहावी लागते. नऊ-दहा महिन्यांपर्यंत मऊ गुठळीचे अन्न सुरू व्हायला हवे. फार उशीर झाला तर मूल चावायला कंटाळते.

त्या मुलीचे रक्त तपासून मी लोहाचे थेंब दिले. आईचे दूध चालूच होते. पहिले चार दिवस रिकामा चमचा तिच्या हातात खेळायला द्यायला सांगितले आणि ताटलीत मऊ वरणभात ठेवून तिला बोटांनी खाऊ द्यायला सांगितले. तीन आठवड्यांनी वजन तीनशे ग्रॅमने वाढले. आजी म्हणाल्या, "आता चमचा पाहून आ करते हो!"

मात्र काही बाळांना घरची पद्धत पुरत नाही. प्रत्येक घासाला ठसका लागणे, भरवल्यावर आवाज घरघरणे, ओठ निळे पडणे, वारंवार न्यूमोनिया होणे, मान न धरणे, वजन घटणे यांपैकी काहीही दिसले तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. त्यांची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. गिळण्याचे आणि खाण्याचे प्रशिक्षण हासुद्धा उपचारच आहे.

बाकी आई-आज्यांना एवढेच सांगणे आहे : चमचा भरणे आपले काम, रिकामा करणे बाळाचे. कपाटातला तो चांदीचा चमचा उथळ आणि गुळगुळीत असेल तर स्वच्छ धुऊन खुशाल वापरा.