शिक्का बसला का रे?

बहिणीच्या लग्नाचा हॉल बुक झालाय. केटररला ॲडव्हान्स गेलाय. आई रोज रात्री फोनवर एकच विचारते, 'तिकीट काढलंस का रे? कानपिळीला भाऊ नको का?' आणि न्यू जर्सीत बसलेला आपला हिरो रोज एकच उत्तर देतो, 'बघतो गं.'

आईला वाटतं, पोरगा बदलला. पोरगा काही बदललेला नाही, त्याला सॉलिड टेन्शन आलंय. जायचं तिकीट मिळेल, पण परत यायचं काय? या टेन्शनचं नाव आहे 'स्टॅम्पिंग'.

हिरोला नाव मुद्दामच दिलेलं नाही. कोथरूडपासून ठाण्यापर्यंत कुठल्याही सोसायटीत विचारा, असा एक तरी हिरो सापडेलच.

मंजुरी आली, मग अडलं कुठे?

हिरो अमेरिकेत एमएस करायला गेला. तिथेच एका कन्सल्टिंग कंपनीत लागला. कंपनीने त्याचा एच-१बी काढला, आय-७९७ नावाचा मंजुरीचा कागद आला, मित्रांनी पार्टीही उकळली. पण पासपोर्टमध्ये अजून जुना विद्यार्थी व्हिसाच!

आता गंमत बघा. अमेरिकेत राहून नोकरी करायला तो मंजुरीचा कागद पुरतो. पण देश सोडला, की परत आत शिरायला पासपोर्टमध्ये एच-१बीचा व्हिसा लागतो. आणि तो मिळतो अमेरिकेबाहेरच्या वकिलातीत. म्हणजे घरी यायचं, तर परीक्षा देऊनच परत जायचं.

आधीपासून एच-१बीवर असलेल्यांना २००४ पर्यंत अमेरिकेत बसूनच व्हिसाचं नूतनीकरण करता यायचं. ते बंद झालं. २०२४ च्या सुरुवातीला २०,००० अर्जांपुरता एक प्रयोग झाला, तेवढाच. मग बरेच जण कॅनडा किंवा मेक्सिकोत जाऊन शिक्का मारून यायचे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सांगितलं, की अर्ज आपल्या मायदेशात किंवा राहत्या देशात करा. त्याच महिन्यात मुलाखतीशिवाय नुसते कागद टाकून येण्याची ड्रॉपबॉक्सची सोयही बहुतेकांसाठी संपली. थोडक्यात, आपल्या हिरोसाठी रस्ता एकच : मुंबई, बीकेसी, रांग.

'तुम्ही नेमकं काम कुठे करता?'

खिडकीपलीकडचा अधिकारी हा प्रश्न अगदी सहज विचारतो. प्रॉडक्ट कंपनीतला माणूस एका शब्दात उत्तर देऊन मोकळा होतो. कन्सल्टिंगवाल्याची मात्र इथेच गोची होते. पगार देणारी कंपनी एक, मध्ये एक व्हेंडर, कधी कधी दोन, आणि रोज ज्याच्या ऑफिसात बसायचं तो क्लायंट वेगळाच. अधिकाऱ्याला हवी असते खात्री : काम खरंच आहे ना? या पदवीचंच आहे ना? आणि कागदावरची कंपनीच तुमची खरी मालक ना?

क्लायंटचं पत्र आणलं तर काम सोपं. पण क्लायंट म्हणतो, 'हा आमचा माणूसच नाही, पत्र कशाला देऊ?' या तिहेरी नात्यावरून अमेरिकेतही बरीच ओढाताण झाली. २०१० मध्ये नियम कडक झाले, २०२० मध्ये ते मागे घेतले गेले आणि जानेवारी २०२५ च्या नव्या नियमांनी करार मागण्याचा अधिकार स्पष्ट शब्दांत लिहून ठेवला.

समाधान झालं नाही, तर हातात चिठ्ठी पडते : कलम २२१(जी). म्हणजे 'आणखी कागद द्या' किंवा 'तपासणी चालू आहे'. ती काही दिवसांत संपते, नाहीतर महिनोन् महिने चालते. तिकडे घरभाडं चालू, गाडीचा हप्ता चालू, आणि क्लायंट कुणासाठी थांबत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये तर सोशल मीडियाची तपासणी एच-१बीलाही लागू झाली आणि भारतातल्या कितीतरी जणांच्या मुलाखती काही महिने पुढे गेल्या. पंधरा दिवसांच्या रजेवर आलेले लोक आईच्या घरी अडकून पडले!

तिकीट काढण्याआधी

* आधी अपॉइंटमेंट, मग तिकीट. आणि तारीख पुढे गेली तर काय, याचं उत्तरही तयार ठेवा.
* फाइलमध्ये आय-७९७, अर्जाची पूर्ण प्रत, एलसीए, पगाराच्या स्लिपा, डब्ल्यू-२ आणि मिळालं तर क्लायंटचं पत्र. कंपनी अर्जाची प्रत द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तीच धोक्याची घंटा समजा.
* काम करता ते शहर आणि एलसीएवरचं शहर एकच आहे का? रोज ये-जा करता येणार नाही इतक्या लांब बदली झाली असेल, तर कंपनीने सुधारित अर्ज करायलाच हवा.
* बेंचवर बसवून पगार बंद करणं अमेरिकेच्या कायद्यात बसत नाही. स्लिपांमधली पोकळी खिडकीवर लगेच दिसते.
* रिझ्युमेत कुणी 'वाढवलेला' अनुभव असेल, तर सावधान! रिझ्युमे, डीएस-१६० आणि ऑनलाइन प्रोफाइल एकच गोष्ट सांगायला हवेत. शिक्का नाही मिळाला तर पुन्हा प्रयत्न करता येतो. जाणूनबुजून खोटं बोलल्याचा ठपका बसला, तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.
* अडकलात तर भारतातून काम चालेल का, हे कंपनी आणि क्लायंट दोघांनाही आधीच विचारा. तेही लेखी.

आणि सगळ्यात शेवटी राहतो तो घरचा फोन. आपण टीम लीडला सगळं समजावून सांगतो, वकिलाला ईमेलवर ईमेल पाठवतो आणि आईला मात्र 'बघतो गं' एवढंच. हिरोने परवा पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. व्हेंडर, क्लायंट, चिठ्ठी, सगळं. 'कदाचित परत जायला तीन महिने लागतील. कदाचित ही नोकरीही राहणार नाही.'

आई क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, 'हे एवढं एकटाच घेऊन बसला होतास होय? आधी सांगायचंस ना रे.'

तिकीट अजून निघालेलं नाही. हिरो आता अपॉइंटमेंटची तारीख शोधतोय. आणि ती लग्नाआधीची मिळतेय का, हे आई रोज विचारतेय.