कर्बोदकांचा जमाखर्च

भात, भाकरी, पोळी, बटाटा आणि साखर यांना ताटातून रजा देऊन देह हलका करण्याचा प्रघात आज नवा वाटत असला, तरी लंडनमधील विल्यम बँटिंग या स्थूल गृहस्थाने १८६३ साली पदरमोड करून एक पुस्तिका छापली आणि तीत याच पथ्याचा हिरिरीने पुरस्कार केला होता. बँटिंगला मात्र केवळ वजन उतरवायचे होते; त्याला डोंगर चढायचा नव्हता की शर्यत जिंकायची नव्हती. जो मनुष्य हे पथ्य पाळतो आणि त्याच वेळी धावणे, कुस्ती, कबड्डी अथवा वेगवान सायकल यांसारखे कठोर श्रमही अंगावर घेतो, त्याच्यापुढील प्रश्न अगदी निराळा आहे.

देहाने आपल्या निर्वाहाची तरतूद दोन रूपांत केलेली असते. स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली शर्करा, असते व तिच्यातून जेमतेम दोन हजार कॅलरी ऊर्जा निघते. उलट साठ किलो वजनाच्या सडपातळ मनुष्याच्या अंगीही सहा किलो मेद असला, तर त्यात पन्नास हजार कॅलरींहून अधिक ऊर्जा साठलेली असते. ग्लायकोजेन ही तिजोरीतील रोकड आणि मेद हा जमीनजुमला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. इस्टेट कितीही मोठी असली तरी ऐन निकडीच्या वेळी ती तत्काळ मोडता येत नाही. मेदाच्या ज्वलनास प्राणवायू लागतोच, आणि तेवढ्याच प्राणवायूत त्यापासून मिळणारी ऊर्जा शर्करेहून काहीशी कमी भरते; शर्करा मात्र प्राणवायू अपुरा पडत असतानाही काही काळ ऊर्जा पुरवू शकते. यास्तव चालण्यात किंवा संथ धावण्यात मेद मोठा भार उचलतो. परंतु श्वास फुलून बोलणे अशक्य झाले, की मुख्य भिस्त शर्करेवर येऊन पडते.

या गोष्टीचा पुरावा स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम, हुल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात दिला. सुईने मांडीच्या स्नायूचा सूक्ष्म तुकडा काढून त्यांनी त्यातील ग्लायकोजेन मोजले, तेव्हा असे आढळले की, मिश्र आहारावर सायकल जितका वेळ चालवता येई, तो वेळ कर्बोदके वर्ज्य केल्यावर जवळजवळ निम्म्यावर येई आणि ती भरपूर दिल्यावर सुमारे दीडपट होई.

तथापि दुसऱ्या पक्षाची कैफियतही ऐकली पाहिजे. अमेरिकेत स्टीफन फिनी यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कसलेल्या पाच सायकलपटूंना चार आठवडे जवळपास कर्बोदकविरहित आहार, जोडीला क्षारांचा पुरवठा करून, दिला. तरी मध्यम वेगावर त्यांचा सरासरी टिकाव घटला नाही, कारण तेवढ्या मुदतीत देह मेद जाळण्यास सरावला होता. पुढे लुईझ बर्क यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ऑस्ट्रेलियात आंतरराष्ट्रीय दर्जाच्या चालण्याच्या शर्यतपटूंवर सुमारे तीन आठवडे हाच आहार अजमावला. मेदाचे ज्वलन खरोखरीच विलक्षण वाढले. पण तोच वेग राखण्यास अधिक प्राणवायू लागू लागला, आणि कर्बोदके खाणाऱ्या सोबत्यांचा दहा किलोमीटरचा वेळ सुधारला, यांचा मात्र सुधारला नाही. दोन्ही प्रयोगांत वस्तुतः विरोध नाही: पहिला मध्यम गतीविषयी बोलतो, दुसरा स्पर्धेच्या गतीविषयी.

तेव्हा निवाडा असा, की कर्बोदकांचे प्रमाण त्या त्या दिवसाच्या श्रमावरून ठरवावे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे सत्तर ग्रॅम कर्बोदके असतात. अर्थात दिवसाला पन्नास ग्रॅमची कडक मर्यादा एका मोठ्या भाकरीतच जवळजवळ संपते. विश्रांतीच्या अथवा संथ व्यायामाच्या दिवशी अशा आखडत्या हाताने फारसे बिघडत नाही. डाळी, अंडी, मासे, पनीर, भाज्या आणि दाणे यांवर तो दिवस निभावतो. चढावर धावण्याच्या, वेगाच्या फेऱ्यांच्या किंवा आखाड्यातील झोंबीच्या दिवशी मात्र दोन-तीन तास अगोदर पोहे, पोळी किंवा केळी, आणि श्रमानंतर वरण-भात, एवढी सूट पथ्याने दिलीच पाहिजे. रिकामे झालेले ग्लायकोजेन पूर्ववत भरण्यास, पुरेशी कर्बोदके मिळूनही, साधारण एक दिवस लागतो; म्हणून लागोपाठ दोन दिवस कठोर श्रम योजणाऱ्याने ही सूट दोन्ही दिवस घ्यावी. प्रथिनांत काटकसर करू नये.

पथ्याच्या आरंभी डोके दुखणे, गळून गेल्यासारखे वाटणे हे पुष्कळदा मीठ आणि पाणी मूत्रावाटे अधिक गेल्याने घडते. घाम गाळणाऱ्याने त्याची भरपाई करावी, परंतु रक्तदाबाच्या रुग्णाने वैद्यकीय सल्ल्यावाचून मीठ वाढवू नये. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याने तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज कर्बोदके एकाएकी कमी करू नयेत, कारण त्यात रक्तशर्करा धोक्याच्या पातळीपर्यंत घसरण्याचे, आणि काही औषधांच्या बाबतीत रक्त आम्लधर्मी होण्याचेही, भय असते.

वजन उतरवणे आणि वेग वाढवणे हे दोन्ही हेतू योग्यच आहेत. परंतु दोहोंचा अंमल एकाच महिन्यात पूर्ण जोराने करू पाहणाऱ्याच्या पदरी बहुधा दोन्हींत अर्धेच यश पडते. स्पर्धा दूर असताना वजनाकडे पाहावे, स्पर्धा जवळ येताच ताटाकडे उदार व्हावे.