रंग वाळला म्हणजे पक्का झाला, असं नाही!

कुंड्यांचे स्टँड, की-होल्डर, छोटे रॅक अशा लोखंडी वस्तू बनवून विकायचा विचार करताय? मग वेल्डिंगइतकंच लक्ष रंगाकडे द्या. माझे पैसे तिथेच बुडाले होते, म्हणून सांगतोय.

सुरुवातीला ४० स्टँडची ऑर्डर मिळाली होती. जुलै महिना, भिवंडीचा पाऊस. संध्याकाळी स्प्रे मारला, सकाळी बोट लावून बघितलं, हाताला काही लागलं नाही. लगेच बबल रॅपमध्ये गुंडाळून माल पाठवला. चार दिवसांनी गिऱ्हाइकाने फोटो पाठवला. प्रत्येक स्टँडवर बबल रॅपचे गोल गोल ठसे! सगळा माल परत आला. घासून पुन्हा रंगवला, टेम्पोचं दोन्ही वेळचं भाडं मीच भरलं. आणि ते गिऱ्हाईक पुन्हा कधी आलं नाही.

चूक रंगाची नव्हती, माझी होती. रंग हाताला न लागणं वेगळं आणि आतपर्यंत कडक होणं वेगळं.

आधी डब्यात काय आहे ते ओळखा

१. ड्युको (एनसी) आणि साधे ॲक्रिलिक स्प्रे : यात थिनर उडून जातो आणि रंगाचा थर मागे उरतो. लवकर वाळतात, पण थिनर लागला की पुन्हा विरघळतात. दमट हवेत ड्युकोवर पांढरट झाकही येते.

२. सिंथेटिक इनॅमल : थिनर उडाल्यावर हा रंग हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू कडक होतो. दुधावर साय येते तसं बघा. वर साय धरते, खाली ओलंच असतं. जाड हात मारलात तर वरून सुरकुत्या पडतात. पूर्ण कडक व्हायला आठवडा, पावसाळ्यात त्याहून जास्त धरा.

३. टू-के पीयू : यात हार्डनर मिसळावा लागतो. रासायनिक क्रियेने कडक होतो, म्हणून सगळ्यात टणक. दुसऱ्या दिवशी हाताळता येतो, पण पूर्ण ताकद यायला साधारण सात दिवस लागतात. लवकर व्हावं म्हणून हार्डनर जास्त ओतू नका, डब्यावरचं प्रमाणच पाळा. याची वाफ फुफ्फुसांना घातक असते. रुमाल बांधून भागत नाही, योग्य फिल्टरचा मास्क हवाच.

काम करायची पद्धत

तेल, ग्रीस आणि गंज आधी काढा. पॉलिश पेपर मारा, थिनरने पुसा, मग प्रायमर. जीआय पत्र्यावर इनॅमल थेट मारू नका. जस्ताशी क्रिया होऊन काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. तिथे एच प्रायमर लागतो.

एका जाड हाताऐवजी दोन-तीन पातळ हात मारा. दोन हातांमधलं अंतर डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा. थिनर आत अडकला की रंग कितीतरी दिवस मऊच राहतो.

हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर स्प्रे मारू नका. पहाटे लोखंडाला घाम फुटलेला असतो, तेव्हा तर नाहीच. पावसाळ्यात दुपारची उघडीप बघा. गाळ्यात पंखा लावा, पण त्याची हवा थेट ओल्या रंगावर नको, धूळ बसते. उन्हाने किंवा गरम हवेने रंग लवकर पक्का होतो, मात्र आधी थिनर उडू द्या. शेगडी, गॅस किंवा कुठलीही ज्योत जवळ आणू नका, थिनरची वाफ पेट घेते.

पाठवण्याआधी ही परीक्षा घ्या

प्रत्येक लॉटबरोबर एक भंगाराचा तुकडा रंगवा. ज्या दिवशी माल पॅक करायचा असेल, त्याच्या आदल्या रात्री तो तुकडा त्याच बबल रॅपमध्ये गुंडाळा आणि वर वजन ठेवा. सकाळी उघडा. ठसा नाही, नखाने दाबल्यावर खड्डा नाही, तरच पॅकिंग करा. ठसा दिसला तर आणखी दोन दिवस थांबा. या परीक्षेला एक रुपयाही लागत नाही.

आता धंद्याचं गणित

गिऱ्हाइकाला तारीख देताना रंग पक्का व्हायचे दिवस आधीच धरा. काम तीन दिवसांचं असेल तर दहा दिवस सांगा. तेवढे दिवस माल टांगून ठेवायला जागा लागते, ती गाळा घेतानाच मोजा. घाईची मोठी ऑर्डर असेल तर पावडर कोटिंगचं जॉबवर्क करून घ्या. भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर भाजलेला माल थंड झाला की पॅकिंगला तयार. दर जास्त पडतो, पण तो कोटेशनमध्येच लावा.

उशिरा गेलेल्या मालाबद्दल गिऱ्हाईक एकदा कुरकुरेल. ठसे पडलेला माल मात्र त्याच्या कायम लक्षात राहतो. म्हणून आज एक तुकडा रंगवा, रोज नखाने दाबून बघा आणि कितव्या दिवशी कडक झाला ते वहीत लिहा. तुमच्या गाळ्यातला खरा आकडा तोच!