व्हॅनमधलं वर्ष: ऑस्ट्रेलियाला निघण्याआधी गोसीखुर्दच्या पोरापोरींनी काय पक्कं करावं

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी झालं. त्या धरणासाठी शेती आणि घर सोडलेल्या कुटुंबांतली नातवंडं आज पवनी, भंडारा, नागपूरला शिकताहेत. व्हॅनमध्येच बिछाना आणि शेगडी मांडून परदेशात वर्षभर फिरायचं, वाटेत काम करून खर्च भागवायचा, हे व्हिडिओ त्यांच्याही मोबाइलवर येतात. ही वाट आता खरोखर उघडली आहे. पण तिच्याबद्दल ऐकीव गोष्टीच जास्त फिरतात आणि घरातल्या पैशावर डोळा असलेले एजंटही भेटतात. म्हणून एकेक गोष्ट तपासून घेऊ.

गैरसमज: असा व्हिसा भारतीयांना मिळतच नाही.

वस्तुस्थिती: भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यात भारतीय तरुणांसाठी ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाच्या (सबक्लास ४६२) वर्षाला १,००० जागा ठेवल्या आहेत. वय १८ ते ३० आणि मुक्काम १२ महिने. सोबत मुलांना नेता येत नाही. निवड संगणकीय सोडतीने होते. ऑक्टोबर २०२४ मधल्या पहिल्या सोडतीत पहिल्या पंधरवड्यातच ४०,००० च्या वर भारतीयांनी नावं नोंदवली. म्हणजे दार उघडं असलं तरी अरुंद आहे. नाव जरूर नोंदवा, पण नंबर लागण्याआधी हातातली नोकरी सोडू नका.

गैरसमज: एजंटला लाखभर दिले की नंबर लावून देतो.

वस्तुस्थिती: सोडतीत कुणाचाही वशिला चालत नाही. ऑस्ट्रेलिया सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः खातं उघडायचं, पासपोर्ट आणि पॅन कार्डाचा तपशील भरायचा आणि २५ डॉलर शुल्क द्यायचं, एवढंच काम आहे. हे सगळे आकडे ऑस्ट्रेलियन डॉलरचे आहेत. दोन्ही कागदांवर नाव आणि जन्मतारीख जुळते का, हे आधीच पाहा. व्हिसाचं मोठं शुल्क (जुलै २०२५ पासून ६७० डॉलर) नंबर लागल्यावरच भरायचं असतं. मात्र बोलावणं आल्यावर अर्जासाठी २८ दिवसच मिळतात. तेव्हा किमान ५,००० डॉलर, म्हणजे साधारण तीन लाख रुपये, आणि शिवाय परतीच्या तिकिटापुरते पैसे जवळ असल्याचं दाखवावं लागतं. ती रक्कम तुमच्याच खात्यात राहते. धरणाच्या मोबदल्यातून उरलेला पैसा एजंटच्या हवाली करण्याचं काहीच कारण नाही.

गैरसमज: मराठी माध्यमातल्या पोरांचं हे काम नाही.

वस्तुस्थिती: आयईएलटीएस परीक्षेत सरासरी ४.५ गुण पुरतात. नेटाने काही महिने अभ्यास केला तर हे गुण आवाक्यातले आहेत. बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण मात्र हवं. शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात किंवा एखाद्या हॉटेलात पर्यटकांसोबत काम केलं असेल, तर तो अनुभव तिकडे नोकरी मागताना सांगण्यासारखा आहे.

गैरसमज: टुरिस्ट व्हिसावर जायचं आणि गुपचूप काम करायचं.

वस्तुस्थिती: पर्यटक व्हिसावर काम करणं म्हणजे व्हिसाची अट मोडणं. व्हिसा रद्द होऊ शकतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ती नोंद आड येते. मालकाने पैसे बुडवले तर तक्रार करायलाही माणूस घाबरतो. लुबाडणारे याच भीतीचा फायदा घेतात.

गैरसमज: एकदा व्हॅन घेतली की राहण्याचा खर्च मिटला.

वस्तुस्थिती: सगळ्यात जास्त पोळतात ते इथेच. जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा पाहतो, तसा व्हॅनवरचा बोजाही पाहावा लागतो. पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत २ डॉलरमध्ये तो कळतो. आधीच्या मालकाचं कर्ज थकलं असेल, तर कर्ज देणारा गाडी उचलून नेऊ शकतो. मग गाडीखाली वाकून गंज पाहा, कारण समुद्रकाठी वापरलेल्या गाड्या खालून सडतात. गाडीची नोंदणी, तिकडच्या भाषेत ‘रेगो’, राज्यागणिक बदलते. व्हिक्टोरियात नोंदणीसह गाडी विकताना विकणाऱ्याने तपासणीचा दाखला द्यावा लागतो.

सक्तीचा विमा माणसांच्या इजेपुरताच असतो. समोरच्याच्या गाडीचं नुकसान भरून द्यायचं तर वेगळा विमा घ्यावा लागतो. रात्री कुठेही गाडी लावून झोपता येत नाही. अनेक नगरपालिका त्यासाठी दंड करतात. आणि मेडिकेअर ही तिथली सरकारी आरोग्यसेवा आपल्याला लागू नसते, म्हणून आरोग्य विमा इथूनच काढून निघा.

गैरसमज: व्हॅन चालवायला जड वाहनाचं लायसन्स लागतं.

वस्तुस्थिती: साडेचार टनांपर्यंतची व्हॅन साध्या कारच्या लायसन्सवर चालते, आणि तिकडेही आपल्यासारखंच डाव्या बाजूने गाडी हाकतात. भंडाऱ्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. तो वर्षभर चालतो. न्यू साउथ वेल्ससारख्या राज्यात सलग सहा महिने राहिलात, तर तिथलं लायसन्स घ्यावं लागतं. संध्याकाळनंतर रस्त्यावर कांगारू येतात, म्हणून लांबचा पल्ला दिवसा गाठा.

गैरसमज: शेतावरच्या कामाला मालक देईल ती मजुरी.

वस्तुस्थिती: जुलै २०२५ पासून किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर आहे आणि ते परदेशी कामगारालाही लागू आहे. फळं तोडायला नगावर मजुरी ठरली, तरी एप्रिल २०२२ पासून ताशी किमान रकमेची हमी आहे. कामाचे तास रोज वहीत लिहा आणि पगाराची पावती मागून घ्या. पैसे कमी मिळाले तर ‘फेअर वर्क ऑम्बुड्समन’ या सरकारी कार्यालयाकडे तक्रार करता येते. एका मालकाकडे साधारण सहा महिन्यांपर्यंतच काम करता येतं. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून पऱ्हे लावलेल्या माणसाला कष्टाचं नवल नाही. त्या कष्टाचा तिथला कायदेशीर भाव मात्र आधी माहीत हवा.

गैरसमज: एकदा गेलं की तिकडचंच होता येतं.

वस्तुस्थिती: हा व्हिसा तात्पुरता आहे. उत्तर ऑस्ट्रेलियात किंवा ठरवून दिलेल्या ग्रामीण भागात शेती, पर्यटन अशी नेमून दिलेली कामं तीन महिने केली, तर दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. कायम वास्तव्याचे नियम वेगळे आहेत आणि या व्हिसाने ते आपोआप मिळत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी पासपोर्ट आणि पॅन, मग इंग्रजीची परीक्षा, मग सोडत. व्हॅनचा विचार तिथे पोहोचून, गाडी डोळ्यांनी पाहिल्यावरच करा. नंबर लागला नाही तर वय बसेपर्यंत पुन्हा नाव नोंदवा. घरच्यांना प्रत्येक आकडा कागदावर मांडून दाखवा. ज्या आजोबांनी एकदा शेती सोडली आहे, त्यांना नातवंडाच्या वाटेवरचा खर्च आणि धोका स्पष्ट कळायला हवा.